पिरेलीचा 18 इंची टायर: गाडी नीट असेल तेवढाच नीट

फॉर्म्युला वनचा टायर दुकानात मिळत नाही आणि त्याला पर्यायही नाही. 2011 पासून सगळ्यांना पिरेलीच. तरी 2022 ते 2025 या चार हंगामांतल्या 18 इंची टायरचं परीक्षण करण्यासारखं आहे. रोमानियातल्या स्लाटिनाच्या कारखान्यातून निघालेलं तेच रबर दहाही संघांना मिळत होतं, आणि त्याच शर्यतीत एका गाडीखाली ते निवांत टिकत होतं, दुसरीखाली अर्ध्या वाटेत मान टाकत होतं. निकाल आधीच सांगतो: कोरड्या ट्रॅकचा टायर म्हणून हा उत्तम आहे, 2025 ची सगळ्यात मऊ आवृत्ती फसलेली आहे, आणि मुसळधार पावसाचा निळा टायर जवळजवळ निरुपयोगी आहे. पण यातला कोणताही शेरा गाडीपासून वेगळा काढून वाचता येत नाही.

माप पुढे 305/720-18, मागे 405/720-18 (मिमीमध्ये रुंदी आणि व्यास, शेवटी रिमचा इंचांतला व्यास). आधीच्या 13 इंची टायरची बाजूची भिंत उंच आणि लवचिक होती. वळणात ती फुग्यासारखी चेपायची आणि गाडीभोवतीची हवाही बिघडवायची. नव्या टायरची भिंत बुटकी आणि ताठ. त्यामुळे स्टिअरिंगला उत्तर लवकर मिळतं, टायरचा आकार वेगात फारसा बदलत नाही आणि हवेचा अभ्यास करणाऱ्यांना त्यावर विसंबता येतं. तोटा असा की पूर्वी भिंत जी लवचिकता पुरवायची ती आता सस्पेन्शनला द्यावी लागते. 2022 च्या गाड्या जमिनीला चिकटून आणि ताठ स्प्रिंगवर धावायला लागल्या, तेव्हा तीही गेली. कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, गाडी उसळली की टायर क्षणभर हलका होतो, मग एकदम भार येतो, आणि त्या झटक्यात रबर घसरतं. घसरणं म्हणजे उष्णता. पुढचं सगळं प्रकरण उष्णतेचंच आहे.

या टायरला दोन तापमानं असतात. एक वरच्या कातडीचं, जे एका वळणात चढतं आणि पुढच्या सरळ रस्त्यावर उतरतं. दुसरं आतल्या सांगाड्याचं, जे फेऱ्याफेऱ्यांनी हळूहळू चढतं आणि एकदा चढलं की उतरायला तितकाच वेळ घेतं. कातडी गार आणि सांगाडाही गार असताना जोर लावला तर पृष्ठभाग फाटून बारीक सुरकुत्या येतात, ते ग्रेनिंग. सांगाडा जास्त तापला तर रबराच्या पोटात फोड येतात, ते ब्लिस्टरिंग. आणि दोन्ही नसताना निव्वळ तापून पकड उतरते, ते थर्मल डिग्रेडेशन. यात टायरवर रबर भरपूर शिल्लक दिसतं पण फेरीला वेळ मात्र जास्त लागत जातो. उपाय तिन्हींचे वेगळे. ग्रेनिंग झालेल्या टायरला कधी थोडा धीर धरला तर सुरकुत्या घासून निघतात आणि पकड परत येते. फोड आलेला टायर परत येत नाही.

हवेच्या दाबाचा हिशेब इथे आधी समजून घ्यायला हवा, कारण चुका तिथेच होतात. 2021 मध्ये टायर तापवायच्या ब्लँकेटमध्ये पुढचे टायर 100 अंशांपर्यंत तापवता येत, मागचे 80. 2022 पासून चारही 70 अंशांवर आले. समजा 70 अंशांवर टायरमध्ये 23 पीएसआय दाब आहे. ट्रॅकवर आतली हवा 100 अंशांवर गेली की तोच दाब साधारण 26.3 होतो, 110 वर 27.4. दर दहा अंशांना एक पीएसआयहून थोडं जास्त. दाब वाढला की टायर मध्यभागी फुगतो, जमिनीला टेकणारा पट्टा आखूड होतो, त्याच छोट्या पट्ट्यावर तोच भार येतो, तो आणखी तापतो, दाब आणखी वाढतो. हे चक्र सुरू झालं की चालकाला ते थांबवायला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे हळू जाणं. किमान दाब आणि कमाल कॅम्बर (उभ्या चाकाचा कल) पिरेली प्रत्येक सर्किटसाठी ठरवून देते, म्हणून दाब हवा तेवढा खाली आणून सुटका करून घेता येत नाही. मग उरतो एकच उपाय: आतली हवा तापूच न देणं.

मॅक्लारेनने 2024 आणि 2025 मध्ये नेमकं हेच साधलं. 2022 पासून पुढची ब्रेक डिस्क 278 वरून 328 मिमीची झाली. कार्बनची ही डिस्क जोराच्या ब्रेकिंगला हजार अंशांच्या घरात जाते, आणि ती रिमच्या अगदी पोटात बसलेली असते. डिस्कची धग रिमला, रिमची आतल्या हवेला, हवेची टायरच्या सांगाड्याला. हा मार्ग उघडा ठेवला तर थंड दिवशी टायर लवकर तापतो. बंद केला तर उन्हात तो टिकतो. ब्रेकभोवतीच्या ड्रमच्या आत आणखी एक कवच, त्यांच्यामधून वाहणारी गार हवा, कुठली हवा डिस्ककडे जाईल आणि कुठली रिमच्या आतल्या अंगाकडे याची वाटणी, ही कारागिरी बाहेरून दिसतच नाही. मायामीत मे 2025 च्या तापलेल्या ट्रॅकवर मॅक्लारेनचे पियास्त्री आणि नॉरिस पहिले-दुसरे आले आणि तिसरा, मर्सिडीजचा रसेल 37 सेकंदांहून जास्त मागे राहिला. एवढं अंतर नुसत्या इंजिनाने किंवा पंखाने पडत नाही.

उलट बाजू मर्सिडीजने 2024 मध्ये दाखवली. उन्हात मागचे टायर तापून बसायचे. तीच गाडी नोव्हेंबरात लास वेगासच्या थंड रात्री पहिल्या दोन जागा घेऊन गेली. गाडीत एका रात्रीत काही चमत्कार झाला नव्हता. जी उष्णता इतरत्र शाप होती ती तिथे उपयोगी पडली, एवढंच. म्हणून एखादा अपग्रेड "चालला" असं एका शर्यतीवरून म्हणू नये. 2025 मध्ये मर्सिडीजनेच इमोलाला मागच्या सस्पेन्शनची नवी मांडणी आणली, ब्रेक मारताना मागचा भाग उचलला जाऊ नये अशी. कॅनडात रसेल जिंकला आणि मांडणी बरोबर आहे असा समज पक्का झाला. प्रत्यक्षात चालकांना मागच्या टायरचा अंदाजच येईनासा झाला होता. वळणात शिरताना विश्वास नाही, मग दुरुस्त्या, दुरुस्त्यांमुळे घसरण, घसरणीमुळे उष्णता. हंगेरीत जुनी मांडणी परत बसवली आणि रसेल तिसरा आला. सस्पेन्शनचा अपग्रेड तपासताना एका फेरीची वेळ पाहू नये. इंधन भरलेल्या गाडीच्या सलग दहा-बारा फेऱ्या काढाव्यात, पहिल्या तीन सोडून द्याव्यात आणि बाकीच्यांत वेळ कसा वाढत जातो तो उतार मोजावा. इंधन जळून गाडी हलकी होत जाते, त्याचा फायदा वजा केल्याशिवाय हा उतार खोटं बोलतो.

जास्त डाउनफोर्स, म्हणजे हवेने गाडीवर पडणारा खालचा दाब जास्त, तर टायरवर जास्त अत्याचार, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. खालचा भार वाढला की टायर कमी घसरतो, म्हणून कातडी गार राहते; पण वेगवान वळणात सांगाड्याला जास्त काम पडतं. मंद वळणांच्या सर्किटवर नवा फ्लोअर, म्हणजे डाउनफोर्स वाढवणारा गाडीचा तळ, टायरला जवळजवळ निव्वळ वरदान असतो. सिल्व्हरस्टोनसारख्या ठिकाणी तोच फ्लोअर सांगाडा तापवू शकतो. आणि भार गाडीच्या जमिनीपासूनच्या उंचीप्रमाणे खालीवर होणारा असेल, तर एकूण आकडा कितीही मोठा असला तरी शर्यतीत टायर मरतो. फेरारीच्या 2023 च्या गाडीने सात पोल पोझिशन (पात्रता फेरीतली पहिली जागा) मिळवल्या आणि शर्यत फक्त सिंगापूरची जिंकली. पुढच्या वर्षीची गाडी टायरला इतकी सौम्य होती की मोंझाला लेक्लेर शेवटच्या 38 फेऱ्या एकाच हार्ड, म्हणजे कडक रबराच्या, संचावर चालवून जिंकला. सौम्यपणाची किंमत पात्रता फेरीत मोजावी लागते: जो टायर तापत नाही तो एका फेरीपुरताही तापत नाही.

सेट-अपच्या बाबतीत हा टायर प्रामाणिक आहे. काय केलं ते लगेच दाखवतो. आधी ठरवायचं की सर्किट कोणत्या टोकाला मारतं. बहारिनमध्ये खरखरीत डांबर आणि मंद वळणांतून सुटण्याचा जोर, म्हणून मागचे टायर. शांघायमध्ये लांबलचक उजव्या वळणांनी पुढचा डावा. मागचे तापत असतील तर पहिला हात पुढच्या पंखाला: फ्लॅप थोडा सपाट करायचा, म्हणजे नाक कमी वळतं आणि शेपूट कमी घसरते. हे पिट स्टॉपमध्येही चाव्या फिरवून करता येतं. मग वळणातून बाहेर पडताना डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत जोर वाटणारा भाग) सैल, मागची रोल स्टिफनेस (वळणात झुकण्याला होणारा विरोध) कमी, ब्रेकचा तोल थोडा पुढे. पुढचा टायर ग्रेनिंग करत असेल तर नेमकं उलट, आणि शिवाय संचाच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्या संयमाने. तिथे घाई करणारा चालक पुढच्या वीस फेऱ्यांचं नुकसान करतो.

कॅम्बर पुढे साधारण उणे तीन अंशांच्या आसपास असतो. जास्त ठेवला तर वळणात पट्टा पूर्ण टेकतो, पण सरळ रस्त्यावर गाडी आतल्या कडेवर धावते आणि फोड तिथेच येतात. टोचं, म्हणजे वरून पाहता चाक किती आत-बाहेर तिरकं आहे त्याचं, गणित लोक हलक्यात घेतात. चाक 0.2 अंश तिरकं असेल तर चाकाचं तोंड आणि गाडीची वाट यांत दर किलोमीटरला साडेतीन मीटरांचा फरक पडतो. पाच किलोमीटरच्या फेरीत साडेसतरा मीटर, आणि ते सगळं रबराला पोटात घ्यावं लागतं. 2020 मध्ये मर्सिडीजने स्टिअरिंग पुढेमागे करून धावतानाच टो बदलण्याची यंत्रणा आणली होती, ती याच उष्णतेवर ताबा मिळवण्यासाठी. पुढच्या वर्षी तिच्यावर बंदी आली.

एक गोष्ट क्वचित बोलली जाते: झिजलेलं रबर म्हणजे गेलेलं वजन. स्पा 2024 मध्ये टायर बदलायला एकदाच थांबून जिंकलेल्या रसेलची गाडी 796.5 किलो भरली, किमान मर्यादा 798, विजय गेला. तिथे शर्यतीनंतर पूर्ण फेरी नसते, त्यामुळे ट्रॅकवर पडलेलं रबर चाकांना चिकटवून वजन भरून काढायची सोयही नाही. शांघाय 2025 मध्ये लेक्लेर एका किलोने कमी पडून बाद झाला, कारण तेच: एक थांबा, जास्त झीज. कमी थांब्यांची योजना करायची तर वजनाची शिलकी सेट-अपमध्येच ठेवावी लागते.

आता उत्पादनाचे दोष. कोरड्या टायरची रबरं सी1 (सगळ्यात कडक) पासून पुढे मऊ होत जातात; 2025 मध्ये आलेला सगळ्यात मऊ सी6 एका फेरीसाठी सी5 पेक्षा स्पष्ट वेगवान असायला हवा होता. इमोलाला तो पहिल्यांदा आला आणि पात्रता फेरीत रसेलने त्याऐवजी मीडियम, म्हणजे सी5, लावून तिसरी जागा मिळवली. अॅस्टन मार्टिननेही तेच केलं. मऊ रबर पहिल्या वळणात पकडतं आणि शेवटच्या वळणापर्यंत उरत नाही, तर ते कशासाठी घ्यायचं? 2026 च्या संचातून सी6 काढला, ते योग्यच झालं. निळ्या टायरची अडचण वेगळी. 300 च्या वेगाला सेकंदाला 85 लिटर पाणी फेकतो असं पिरेली सांगते, पण एवढं पाणी साचलं की उडणाऱ्या तुषारांत मागच्या चालकाला काही दिसत नाही आणि शर्यत थांबते. पाणी ओसरून शर्यत सुरू होते तोवर हिरवा इंटरमीडिएट, म्हणजे कमी पाण्यासाठीचा टायर, जास्त वेगवान झालेला असतो.

टिकाऊपणाच्या बाबतीत कंपनीला पूर्ण गुण देता येत नाहीत. 2023 च्या सिल्व्हरस्टोनपासून सांगाडा मजबूत केला, कारण गाड्यांचा डाउनफोर्स अंदाजापलीकडे वाढला होता. त्याच वर्षी कतारमध्ये कर्बच्या टोकदार कडांवर आपटून बाजूच्या भिंतीत थर सुटू लागले आणि प्रत्येक संचाला 18 फेऱ्यांची मर्यादा घालावी लागली. 2025 मध्ये तिथेच 25 फेऱ्यांची मर्यादा होती. भारतीय प्रेक्षकांना हे नवीन नाही: 2013 मध्ये बुद्ध सर्किटवर सॉफ्ट टायर 15 फेऱ्यांपेक्षा जास्त चालवू नका असा सल्ला होता, आणि वेटेलने दुसऱ्याच फेरीअखेर सॉफ्ट काढून टाकले, शर्यत जिंकली आणि विजेतेपदही. टायरचा दुबळेपणा आधी ओळखून त्याला लवकर निरोप देणं, हीही सेट-अपइतकीच कामाची गोष्ट आहे.

2024 नंतर टायर बरेच सोशीक झाले आणि बऱ्याच शर्यती एका थांब्यात आटपू लागल्या. पिरेलीने 2025 मध्ये स्पा आणि ऑस्टिनला सी1, सी3, सी4 अशी मधली पायरी गाळून पाहिली. कल्पना बरोबर, परिणाम मर्यादित. बहुतेक संघांनी सी1 कडे पाठ फिरवली आणि उरलेल्या दोघांवर भागवलं.

2026 पासून पुढचा टायर 25 मिमी आणि मागचा 30 मिमी अरुंद झाला आहे, रिम मात्र 18 इंचीच. गाडीचं किमान वजन 768 किलोवर आलं, पण टेकणारा पट्टाही लहान झाला. रिमच्या आतली धग आता कमी रबरावर पसरणार, म्हणून ब्रेक ड्रमच्या पोटातल्या त्या न दिसणाऱ्या कवचांकडे सगळ्यात आधी पाहायला हवं.