जुन्या हिमालयनचं सामान नव्या ४५० वर: एक पावसाळा काढल्यानंतर

रॉयल एनफिल्डच्या जुन्या हिमालयनचं, म्हणजे ४११ चं, सामान नव्या हिमालयन ४५० वर बसेल का, असं कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या दुकानांत विचारलंत तर "हिमालयनचंच आहे ना शेठ, बसतंय" असंच ऐकायला मिळेल. बसत नाही. ४११ ची फ्रेम इंजिनाच्या खालून जायची, क्रॅश गार्ड आणि बॅश प्लेट (इंजिनाखालचा संरक्षक पत्रा) त्या नळ्यांच्या हिशोबाने बनलेले. २०२३ च्या अखेरीस आलेल्या ४५० ला ट्विन-स्पार (दोन्ही बाजूंनी जाणारी) फ्रेम आहे आणि इंजिन स्वतःच फ्रेमचा भार उचलतं. बोल्टच्या जागाच हलल्या, त्यात पुढे रेडिएटर आला. एक फॅब्रिकेटर क्लॅम्प वेल्ड करून द्यायला तयार होता. गाडी आडवी झाली तर झटका कुठे जाईल, यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी नाही म्हटलं. गार्ड, बॅश प्लेट आणि पॅनिअरचे (बाजूच्या बॉक्सचे) स्टँड जुन्या गाडीबरोबरच विकून टाका. ४११ वाले अजून भरपूर आहेत, गिऱ्हाईक मिळतं.

पट्ट्यांनी बांधायचं सामान मात्र जवळजवळ सगळं चाललं. टेल बॅग पहिल्याच दिवशी बसली. सॅडलबॅगही बसल्या, पण इथे एक गोष्ट कुणी सांगत नाही. ४५० ला मागे मधोमध वेगळा टेल लॅम्प नाही. ब्रेक लाइट आणि टेल लाइट मागच्या इंडिकेटरमध्येच आहेत. म्हणजे फुगलेली बॅग थोडी मागे सरकली की फक्त इंडिकेटर नाही, ब्रेक लाइटही झाकला जातो. कसारा घाटात, पावसात, मागून येणाऱ्या मित्राने हॉर्न वाजवून थांबवलं तेव्हा हे कळलं. आता बॅगा पुढे ओढून बांधतो आणि निघण्यापूर्वी कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबून बघतो. उजवीकडची बॅग सायलेन्सरपासून लांब राहतेय का, तेही त्याच वेळी.

फॉग लाइटचे दिवे जुनेच वापरतोय, वायरिंग नवीन. ही गाडी राइड-बाय-वायर आहे, म्हणजे थ्रॉटल केबलवर नाही, इलेक्ट्रॉनिक्सवर चालतो, हिच्या मूळ वायरिंगला कात्री लावू देऊ नका, "दोनच वायर जोडायच्यात" म्हटलं तरी. रिले आणि फ्यूज घालून थेट बॅटरीवरून लाइन घ्या. पावसाळाभर काही तक्रार नाही.

मोबाइल होल्डर हँडलला लागतो, पण नकाशा डॅशच्या स्क्रीनवरच दिसतो, त्यामुळे तो आता कपाटात.

ट्यूबचं गणित मजेशीर आहे. पुढचा टायर दोन्हींना ९०/९०-२१, त्यामुळे जुनी स्पेअर ट्यूब चालते. मागे ४११ ला १२०/९०-१७ होता, ४५० ला १४०/८०-१७, तिथे नवीन घ्या. ट्यूबलेस स्पोकची चाकं असतील तर आधी पंक्चर किट.

हार्ड बॉक्ससाठी नवे स्टँड घ्यावेत का, हे तुमच्या रस्त्यावर ठरेल. सी लिंक, फ्रीवे, अटल सेतू, तिन्हींवर बाइकला बंदी. मुंबईतून बाहेर पडायचं तर सायन-पनवेल किंवा घोडबंदरसारख्या गर्दीतूनच, आणि तिथे दोन्ही बाजूंना बॉक्स लावून रिक्षांच्या मधून काढणं म्हणजे प्रत्येक सिग्नलला कुणाची तरी माफी मागणं. माझे बॉक्स मी विकले. लडाखला निघालेल्याने नवे स्टँड जरूर घ्यावेत, फक्त साडी गार्ड काढायला लागतो का, ते दुकानात गाडीवर लावूनच बघा.