पांढऱ्या शाईचं सर्क्युलेशन किट: माल चालेल, सोबतचं पत्रक फाडून टाका

गोविंदा पथकांच्या टी-शर्टांची कामं येतात ती ऐन पावसात. कपडा काळा नाहीतर गडद निळा, पाठभर पथकाचं नाव आणि त्या नावाखाली पांढऱ्याचा जाड थर. म्हणजे पांढरी शाई सगळ्यात जास्त लागते तीही नेमकी सगळ्यात दमट दिवसांत. ठाणे-नवी मुंबईच्या छोट्या गाळ्यांत डीटीएफसाठी (आधी फिल्मवर छापायचं, शाईवर चिकट पावडर टाकायची आणि मग ते उष्णतेने कपड्यावर उतरवायचं) बदलून घेतलेला एप्सन एल1800 प्रिंटर अशा वेळी अडतो तो बहुतेकदा पांढऱ्यावरच. त्यावर उपाय म्हणून बिनब्रँडचं सर्क्युलेशन किट मिळतं. त्यात ढवळणी मोटर लावलेली 500 मिलीची बाटली, 12 व्होल्टचा पेरिस्टाल्टिक पंप (नळी दाबत दाबत शाई सरकवणारा), टाइमर, दोन तोंडांचे दोन डॅम्पर (हेडच्या अगदी आधी बसणाऱ्या शाईच्या छोट्या डब्या), टी-जॉइंट आणि सिलिकॉनची नळी असते.

पांढऱ्या शाईतलं टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याच्या चौपट जड असतं. बाटली ढवळली तरी नळीतली शाई तशीच पडून राहते आणि कॅरेजकडे (हेड घेऊन इकडून तिकडे सरकणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या नळीच्या खालच्या वळणात गाळ धरतो. किट ही शाई बाटलीतून डॅम्परपर्यंत नेतं आणि परत बाटलीत आणतं. तेवढंच. एल1800 च्या हेडला, म्हणजे शाई सोडणाऱ्या भागाला, परतीची वाट नाही, त्यामुळे डॅम्परच्या पुढची शाई आहे तिथेच बसते. ‘हे लावलं की रोज छापायची गरज नाही’ असं विकणारा सांगत असेल तर हसून सोडून द्या. लाइट सायन आणि लाइट मॅजेंटाच्या जागी पांढरी भरली की प्रत्येकी 90, म्हणजे एकूण 180 नोझल (हेडची शाई सोडणारी बारीक छिद्रं) पांढऱ्याची होतात. ती रोज एकदा तरी चालायलाच हवीत.

आता पत्रकाकडे. त्यात पंप बाटली आणि डॅम्परच्या मध्ये, शाई पुढे ढकलणारा असा दाखवलाय. हे साफ चुकीचं आहे. डॅम्परचा पातळ पडदा किंचित ओढीवर काम करतो. मागून दाब आला की तो फुगतो, नोझलच्या तोंडाशी थेंब लोंबतात, कॅप (काम नसताना हेड जिच्यावर बसतं ती वाटी) भरून वाहते आणि फिल्मवर मधूनच पांढरा ठिपका टपकतो. त्याहून वाईट म्हणजे ओल्या हेडवरून पांढरी शेजारच्या रंगात शिरते आणि दोन दिवसांनी पिवळा दुधाळ का येतोय ते कळत नाही. पंप परतीच्या नळीवर बसवा, डॅम्परकडून बाटलीकडे ओढणारा. दोन्ही डॅम्परच्या परतीच्या नळ्या टी-जॉइंटने एकत्र करून पंपात द्या.

पण ओढही बेताची हवी. पंप जोरात ओढायला लागला तर शाईऐवजी नोझलमधून हवा आत येते. म्हणून पंपाला वेग कमी करणारा रेग्युलेटर लावा (किटमध्ये नसतो) आणि हेड कॅपवर बसलेलं असतानाच तो चालवा. छपाई सुरू असताना तर अजिबात नको, पंपाच्या धक्क्यांनी पांढऱ्यात आडवे पट्टे येतात. वेग ठरवायची रीत सोपी आहे: पंप एक मिनिट चालवा, बंद करा, नोझल चेक (कुठली नोझल बंद आहेत ते दाखवणारी रेघांची छपाई) काढा. दोन्ही पांढऱ्या वाहिन्यांचे मोठे तुकडे गायब दिसले तर हवा शिरली, वेग अजून उतरवा. हा चेक पांढऱ्या कागदावर काढून काही दिसणार नाही. फिल्मच्या तुकड्यावर काढा आणि खाली काळा कपडा धरा, एकेक तुटलेली रेघ स्पष्ट दिसते.

बाटलीतल्या शाईची पातळी हेडच्या खाली पाहिजे, पाच ते दहा सेंटिमीटर. जागा नाही म्हणून बाटली प्रिंटरच्या डोक्यावर ठेवली की रात्रभरात सगळी शाई कॅपमार्गे वेस्ट पॅडमध्ये (वाया जाणारी शाई शोषणाऱ्या गादीत) उतरते. झाकणाला हवेचं भोक आहे ना तेही बघा. ते नसलं तर छपाई झक्क सुरू होते आणि अर्ध्या ए3 नंतर पांढरा विरळ होत जातो. मग लोक हेडला दोष देत क्लीनिंगवर क्लीनिंग मारत बसतात.

सिलिकॉनची नळी हा किटमधला सगळ्यात कच्चा भाग. मऊ असते, जोडायला सोपी असते, पण तिच्या भिंतीतून हवा झिरपते आणि सकाळी नळीत बारीक बुडबुड्यांची माळ दिसते. पंपाच्या आत जेवढी लागते तेवढीच ठेवा, बाकी लाइन पॉलियुरेथेनची घाला. शाई भरताना सिरिंजने डॅम्परच्या बाजूने ओढून घ्या, बाटलीकडून ढकलू नका.

ढवळणी मोटर मात्र छान आहे, आवाज नाही, पातं तळापर्यंत पोचतं. फक्त टाइमर सतत चालूवर ठेवू नका, फेस होतो आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच. तासातून दोन-तीन मिनिटं ढवळणी आणि पंप एवढं पुरतं. डॅम्पर ठीकठाक. जाळी गच्च झाली की धुवायच्या भानगडीत पडू नका, बदला. किटबरोबरच दोन जादा घेऊन ठेवा.

जुना वापरलेला एल1800 घेत असाल तर किट जोडण्याआधी सगळ्या लाइन क्लीनिंग लिक्विडने धुवा, निघणारं पाणी नितळ येईपर्यंत. त्याची मूळ शाई डाय प्रकारची असते. तिचा अंश राहिला की पांढऱ्याला गुलाबी छटा येते.

पावसात एक गंमत होते. फिल्म दमट झाली की शाई पसरते आणि कोऱ्या जागेवरही पावडर चिकटते. दोष सर्क्युलेशनला मिळतो, खरा गुन्हेगार उघडं ठेवलेलं पाकीट. फिल्म सिलिका जेलसह बंद पिशवीत ठेवा. एसी लावा, पण त्याचा झोत प्रिंटरवर नको, कॅपवरची शाई सुकते.

बंद करताना कॅपमध्ये क्लीनिंग लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका आणि वायपर (हेड पुसणारी रबरी पट्टी) पुसून घ्या. स्पिरिट वापरू नका, शाईतलं रेझिन फाटून गोळे होतात. छपाई चालू असताना वीज गेली तर हेड कॅपबाहेर उघडंच राहतं, म्हणून प्रिंटर यूपीएसवर हवा.

दहीहंडी झाली की गणपती, आणि गाळ्याला कुलूप लावून निम्मे लोक कोकणात. टाइमर चालू आहे या भरवशावर जाऊ नका. पांढऱ्याची बाटली काढून तिथे क्लीनिंग लिक्विडची जोडा, पंप चालवून परतीच्या नळीतून नितळ येईपर्यंत लाइन धुवा, मग दोन हेड क्लीनिंग मारा म्हणजे डॅम्परपुढची शाईही निघेल. कॅप ओली करून हेड तिच्यावर बसलंय याची खात्री करा आणि मगच मेन स्विच बंद करा.