घरच्या घरी पासपोर्ट फोटो आणि एआय: आठ महिने, चार चेहरे, एक परत आलेला फोटो

तीन महिन्यांच्या बाळाने अजून मान धरलेली नसते. डोळे उघडे असतात तेव्हा तोंडही उघडं असतं, आणि दोन्ही धड जमून येतात तेव्हा नेमकी मूठ गालावर असते. न्यू जर्सीतल्या एका औषधांच्या दुकानात, मागे रांग लागलेली असताना, काउंटरपाशी उभं राहून हे जमवायचा आम्ही एकदा प्रयत्न केला. सतरा डॉलरच्या आसपास दर होता. पैसे वाचले, कारण फोटो निघालाच नाही. त्याच रात्री मी पासपोर्टचे फोटो ‘नियमात बसवून देणारं’ एक एआय ॲप फोनवर घेतलं. ही एप्रिल २०२५ ची गोष्ट. तेव्हापासून आठ महिन्यांत बाळाचा अमेरिकी पासपोर्ट, त्याचं ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते कार्ड), नवऱ्याच्या भारतीय पासपोर्टचं नूतनीकरण आणि सांगलीहून येणाऱ्या सासूसासऱ्यांचा व्हिसा, एवढ्या कामांसाठी घरात फोटो काढले. ते ॲप, शिवाय एक सर्वसाधारण एआय चॅटबॉट, दोन्ही भरपूर वापरले. नावं देत नाही, कारण तीन-चार ॲप आलटून पालटून पाहिली आणि सगळी एकाच माळेचे मणी निघाली.

पहिला फोटो दुपट्यावर निजवून काढला. मी एका हाताने डोकं सावरलेलं, नवरा वरून फोन धरून. ॲपने पाच सेकंदांत माझा हात पुसला, दुपट्याच्या सुरकुत्या घालवल्या, पाठीमागे दुधासारखा पांढरा रंग भरला आणि हिरवी खूण दाखवून ‘सर्व नियम पूर्ण’ असं जाहीर केलं. आम्ही खूश. चार बाय सहाच्या कागदावर दोन बाय दोन इंचाचे फोटो मांडून पन्नास सेंटच्या आत प्रिंट काढली, दोघांनी जाऊन अर्ज दिला. खिडकीवरच्या बाईंनी घेतलाही. साडेतीन आठवड्यांनी पत्र आलं: फोटो चालत नाही, नवा पाठवा.

मग मी मूळ फोटो आणि ॲपने दिलेला फोटो एकावर एक ठेवून मागेपुढे करून पाहिले. हे आधी करायला हवं होतं. माझा हात जिथे होता तिथे बाळाचा डावा कान होता, म्हणजे अर्धा झाकलेला. ॲपला तो दिसलेलाच नव्हता, त्यामुळे त्याने मनाने एक कान करून लावला होता. छान, गोल, पाळीसकट. आमच्या बाळाचा डावा कान वरच्या बाजूला किंचित दुमडलेला आहे, माझ्या वडिलांसारखा. जावळाचे विरळ केस कापून डोकं चेंडूसारखं गुळगुळीत केलं होतं. आणि कपाळाच्या कडेला लावलेली तीट, जी मी पुसायला विसरले होते, ती डाग समजून साफ केलेली. तीट गेली त्याचं काही नाही, पण मला न विचारता गेली, ते खटकलं.

मग नियम नीट वाचले. गंमत अशी की बाळाच्या बाबतीत ते मला वाटले होते त्याहून सैल आहेत. तान्ह्या बाळाचे डोळे पूर्ण उघडे नसले तरी अमेरिकी पासपोर्टला चालतं. पांढऱ्या चादरीवर निजवून काढलं तरी चालतं, फक्त चेहऱ्यावर सावली नको आणि दुसरं कुणी फोटोत नको. ज्या गोष्टी ॲपकडून ‘दुरुस्त’ करून घेण्यासाठी मी धडपडत होते, त्यातल्या निम्म्या दुरुस्त करायची गरजच नव्हती. आणि जे अजिबात चालत नाही ते त्याच पानावर स्वच्छ लिहिलेलं आहे: संगणकाचं सॉफ्टवेअर, फोनवरची ॲप, फिल्टर किंवा एआय वापरून फोटो बदलू नका. पार्श्वभूमी बदलणं हेही बदलणंच. ॲपची हिरवी खूण तपासत होती ती मापं, हा नियम नव्हे.

दुसऱ्या वेळी खिडकीशेजारी जमिनीवर पांढरी चादर ताणून अंथरली, बाळाला दूध पाजून निजवलं, नवऱ्याने डोक्याकडून खुळखुळा वाजवला आणि मी सरळ वरून, दोनपट झूम करून, सावली पडणार नाही अशा बाजूने एका दमात साठ-सत्तर फोटो काढले. त्यातले दोन धड आले. एक पाठवला. पासपोर्ट आला. एआय शून्य.

असं असूनही मी ॲप काढून टाकलं नाही. थोडा हट्ट, थोडी उत्सुकता, आणि महिन्याचे पैसे भरलेले होते.

ऑक्टोबरात नवऱ्याच्या पासपोर्टची पाळी आली. परदेशातल्या भारतीय दूतावासांनी १ सप्टेंबर २०२५ पासून फोटोचे नियम बदलले. आता ६३० बाय ८१० पिक्सेलचा उभा फोटो, चेहऱ्याने ८० ते ८५ टक्के जागा व्यापलेली, पार्श्वभूमी पांढरी, फोटो सुमारे दीड मीटरवरून काढलेला. आणि इथेही तीच अट: सॉफ्टवेअरने फेरफार नको. बाळाच्या दोन इंची अमेरिकी फोटोत डोकं एक ते एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच, म्हणजे उंचीच्या निम्म्यापासून सत्तर टक्क्यांच्या आत. भारतीय फोटोत मात्र चेहरा जवळजवळ चौकट भरून. चॅटबॉटला विचारलं तर त्याने मोठ्या आत्मविश्वासाने दोन बाय दोन इंच हा जुनाच नियम सांगितला. दुरुस्त केल्यावर ‘तुमचं अगदी बरोबर आहे’ म्हणाला. एवढ्या लगेच मान्य करणाऱ्या माणसावर मी एरवीही विश्वास ठेवत नाही.

नवऱ्याच्या फोटोत गालावर खिडकीच्या गजाची सावली पडली होती. मी चॅटबॉटला सांगितलं, ‘फक्त सावली काढ, चेहऱ्याला हात लावू नकोस.’ सावली गेली. उत्तर आलं की चेहरा जसाच्या तसा ठेवला आहे. नवरा लहानपणी सायकलवरून पडला होता, तेव्हापासून त्याचं नाक जरासं डावीकडे वळलेलं आहे. नव्या फोटोत नाक सरळ. दोन्ही भुवया सारख्या. दाढीतला पांढरा ठिपका गायब. बघणाऱ्याला चटकन कळणार नाही, ‘फोटो चांगला आलाय’ एवढंच वाटेल. मला कळलं, कारण मी ते नाक अकरा वर्षं बघतेय.

हे का होतं ते नवऱ्याने (हा संगणकवाला, त्यामुळे न विचारता) समजावलं. नुसती पार्श्वभूमी कापणारी साधनं मूळ चित्रातला माणूस तसाच ठेवतात, कडा तेवढ्या खातात: केस, कानाची पाळी, चष्म्याची दांडी. पण शब्दांत सांगून चित्र बदलणारी जी नवी साधनं आहेत, ती बहुतेकदा सांगितलेला तुकडाच खोडून काढत नाहीत, अख्खं चित्र पुन्हा रंगवतात. आणि पुन्हा रंगवताना त्यांनी पाहिलेल्या लाखो चेहऱ्यांकडे थोडं सरकतात. वाकडं नाक दुर्मीळ, सरळ नाक पुष्कळ. मग सरळ होतं. पासपोर्टला नेमकं वाकडं नाकच हवं असतं.

फ्रँकफर्टजवळ राहणाऱ्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘आमच्याकडे हा प्रश्नच संपवलाय.’ जर्मनीत १ मे २०२५ पासून पासपोर्टसाठी घरचा किंवा कागदावरचा फोटो घेतच नाहीत. कार्यालयातल्या यंत्रावर सहा युरो देऊन काढायचा, नाहीतर नोंदणी केलेल्या फोटोग्राफरकडून, आणि तो फोटो परस्पर सुरक्षित मार्गाने कार्यालयात पोचवतो. कारण मॉर्फिंग: दोन माणसांचे चेहरे मिसळून असा एक फोटो करायचा की विमानतळावरचं यंत्र दोघांनाही ‘हाच तो’ म्हणेल. इटलीतल्या बोलोन्याच्या संशोधकांनी २०१४ मध्येच हे होऊ शकतं असं दाखवून दिलं होतं. पुढे २०१८ मध्ये जर्मनीतल्या एका कलाकार-कार्यकर्ता गटाने आपल्यातल्या एकीचा चेहरा युरोपीय संघाच्या तेव्हाच्या परराष्ट्रप्रमुख फेडेरिका मोगेरिनी यांच्या चेहऱ्यात मिसळून खरोखरचा पासपोर्ट मिळवला. हे ऐकल्यावर ‘माझ्या नवऱ्याची सावली तेवढी पुसली, त्यात काय एवढं’ हा माझा सूर जरा खाली आला. कार्यालयाला कसं कळणार की मी सावलीच पुसली?

नवऱ्याला खिडकीपासून दीड फूट सरकवला आणि पुन्हा फोटो काढला. दोन मिनिटांचं काम.

मग एआयचा उपयोग काय झाला? झाला, पण उलट्या बाजूने. चॅटबॉटला फोटो बदलायला न देता नुसता तपासायला दिला की तो खडूस परीक्षकासारखा चुका काढतो, आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्या असतात. ‘उजवा खांदा वर आहे.’ ‘मानेमागे भिंतीवर सावली आहे.’ ‘कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या खाली आहे, त्यामुळे नाकपुड्या दिसतात.’ हे मला दिसत नव्हतं, कारण आपण आपल्या माणसाच्या फोटोत माणूस बघतो, भिंत बघत नाही. मापाच्या बाबतीत मात्र त्याचं अजिबात ऐकू नये. एका फोटोत डोकं ६२ टक्के आहे म्हणाला, मी पट्टीने मोजलं तर ४५ भरलं. मापासाठी अमेरिकी परराष्ट्र खात्याचं स्वतःचं फुकट कापण्याचं साधन आहे, ते नुसतं कापतं, बाकी कशाला हात लावत नाही. भारतीय मापासाठी फोनमधल्याच कापण्याच्या सोयीत सात बाय नऊचं प्रमाण टाकलं की झालं.

ओसीआयबद्दल एवढंच, की आम्ही भरलं तेव्हा तिथे पार्श्वभूमी फिकट हवी होती पण पांढरी नको होती. म्हणजे पासपोर्टसाठी जिवाचं रान करून मिळवलेला पांढरा फोटो बाद. ॲपमध्ये एका बोटाने रंग बदलता आला असता, मोहही झाला. फिकट पिवळी चादर काढली.

आता सांगली. सासूबाईंना आणि सासऱ्यांना व्हिसाचा डीएस-१६० अर्ज भरायला फोटो हवे होते: चौकोनी, ६०० ते १२०० पिक्सेल, २४० केबीच्या आत, चष्मा काढून. चष्म्याची ही बंदी नोव्हेंबर २०१६ पासूनची आहे, पण आईंना ती माझ्या एकटीच्या डोक्यातून निघालीय असं वाटत होतं. दोघं कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेले. तिथल्या दादांनी विचारलं, ‘अमेरिकेचा का? मग कोट चढवू का काकांना?’ आणि आईंना, ‘जरा उजळ करून देतो.’ आपल्याकडे हे एआयच्या आधीपासून चालत आलंय, फोटोशॉपमध्ये कोट आणि टाय तयारच ठेवलेले असतात. बाबा कोट घालून आले. तोही निळ्या पार्श्वभूमीवर.

मग व्हिडिओ कॉलवर मी दिग्दर्शिका आणि शेजारचा कॉलेजातला मुलगा कॅमेरामन. भिंतीपासून तीन-चार फूट पुढे उभं राहायचं, फोनमधलं ब्युटी आणि पोर्ट्रेट दोन्ही बंद करायचं (पोर्ट्रेट कान धूसर करतं, हे मला चौथ्या फोटोला कळलं). बाबा पांढरा सदरा घालून, पांढरे केस, पांढऱ्या भिंतीसमोर. गंमत म्हणून तो फोटो ॲपमध्ये टाकला, तर गळ्याखाली बाबा उरलेच नाहीत आणि टाळूवरचे होते तेवढे केसही गेले. निळा सदरा घातल्यावर कुठल्याही ॲपशिवाय फोटो बरोबर आला.

आईंचा फोटो चांगला निघाला होता, पण मुलाने व्हॉट्सॲपवर साधा पाठवला आणि तो आकसून इवलासा झाला. मला वाटलं, मोठाच तर करायचाय, यात काय बिघडणार? ॲपने मोठा केला. फोटो लखलखीत आला, पण कपाळावरचं कुंकू नाही, हनुवटीवरचा तीळ नाही, आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं जाऊन तिथे कुणा भलत्याच बाईची कातडी. कमी पिक्सेलमधून जास्त पिक्सेल आणायचे म्हणजे मधले त्याला मनानेच भरावे लागतात, आणि त्याच्या मनात कुंकू नसतं. मुलाला तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलं, मूळ आकारात आला, कुंकवासकट. कुंकू असलेलं चालतं, चेहरा झाकत नसेल तर दागिनेही चालतात. अर्ज गेला.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिलीय. या आठ महिन्यांत घरातल्या चार जणांचे, त्यातल्या एका तान्ह्या बाळाचे, समोरून, स्पष्ट, उत्तम प्रकाशातले चेहरे मी कुठल्यातरी कंपन्यांच्या सर्व्हरवर चढवले. दोन ॲपमध्ये खातं बंद करायची सोय शोधायला अर्धा तास लागला, तिसऱ्यात ती सापडलीच नाही. ‘बाळाचा फोटो कुणाला दाखवत जाऊ नका गं’ असं आई सुरुवातीपासून म्हणत होत्या. त्यांचं कारण दृष्टीचं होतं. माझ्याकडे गोपनीयतेचं बावीस पानी धोरण होतं, आणि ते मी न वाचताच ‘मान्य’ दाबलं होतं.

वर्गणी बंद केलीय. चॅटबॉट ठेवलाय, चुका काढायला. पांढरी चादर इस्त्री करून वरच्या कप्प्यात आहे, कुणाला लागली तर न्या.

आणि आईंचा तो कुंकू नसलेला, दहा वर्षांनी तरुण फोटो? त्यांना तोच आवडलाय. ‘व्हिसाला नको तर नको,’ म्हणाल्या, आणि डीपीला लावला. महिला मंडळाच्या ग्रुपवर तिघींनी स्टुडिओ कुठला म्हणून विचारलं.