नसबंदी: त्याची की तिची?

दोन पोरं झाली की 'ऑपरेशन'चा विषय निघतो आणि कोल्हापुरात काय, कुठंही, नाव पुढं येतं बाईचंच. खरं तर सोपं काम पुरुषाचं आहे.

शुक्रवाहिनी, म्हणजे शुक्रजंतू वाहून नेणारी नळी, वृषणाच्या पिशवीत कातडीखालीच असते, चिमटीत जाड दोऱ्यासारखी लागते. जागा बधिर करून बारीक छिद्रातून ती बाहेर घ्यायची, कापून बांधायची. टाकाही लागत नाही. गडी त्याच दिवशी घरी. थोडे दिवस जोर-बैठका बंद, एवढंच. बाईची गर्भनलिका, म्हणजे स्त्रीबीज नेणारी नळी, मात्र पोटाच्या आत, त्यामुळं छेद घ्या नाहीतर दुर्बीण घाला.

तालमींच्या गावात भीती एकच: ताकद जाईल. अहो, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) शुक्रवाहिनीतून वाहतच नाही, वृषणातून थेट रक्तात जातं. वीर्यही येतंच; त्यातला बहुतेक द्रव वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा, शुक्रजंतूंचा वाटा जेमतेम २ ते ५ टक्के. बाईचीही पाळी चालू राहते, अंडाशय जागेवर असतात.

नळ्या पुन्हा जोडण्याचा भरवसा दोन्हीकडं नाही.

बाईचं ऑपरेशन सरस ठरतं ते एकाच बाबतीत: परिणाम लगेच. पुरुषानं ३ महिने निरोध वापरायचा, मग वीर्यतपासणीत शुक्रजंतू नाहीत याची खात्री करायची. सिझर होणारच असेल तर तिचं तिथंच उरकावं. एरवी गड्यानंच टेबलावर चढावं.