घरी काय शिवावं, साधनाचा कुर्ता की मुमताजची साडी?

दोन्ही हिंदी सिनेमाच्या वेशभूषाकार भानू अथैया यांचीच करामत. ‘ब्रह्मचारी’मधली (१९६८) मुमताजची केशरी साडी निऱ्यांसकट शिवलेली, चेन लावलेली, कितीही नाचा, सुटत नाही. लग्नातल्या संगीताच्या कार्यक्रमासाठी झकास, पण जॉर्जेट मशीनखाली सरकतं आणि निऱ्या वाकड्या बसतात.

‘वक्त’मधला (१९६५) साधनाचा अंगासरसा कुर्ता दिसायला साधा, खरी परीक्षा टक्सची, म्हणजे कापड अंगाच्या आकारात बसवणाऱ्या शिवलेल्या चुण्यांची. आधी मांजरपाटावर बेतून, कच्चा टाका घालून अंगावर बघाच. बसून, हात वर करूनही. बाजूला चेन हवीच, नाहीतर डोक्यातून उतरणार नाही. कापड इतवारी बाजारातून सुतीच आणा. नागपुरात मे महिन्यात सिंथेटिक कोण घालतं?

माझं मत कुर्त्याला. साडी एका लग्नात मिरवते, कुर्ता ऑफिसातही चालतो. चुडीदार मात्र तिरका (उरेब) कापा, उभ्या कापात गुडघा वाकत नाही.