गुलमर्गच्या बर्फात हात कशात घालाल?

स्कीइंगला गोंडोलातून, म्हणजे रोपवेच्या डब्यातून, अफरवटच्या डोंगरावर, जवळजवळ ३,९०० मीटरवर उतरलं की पहिली बोंब बोटांचीच. पाच बोटांच्या हातमोज्यात प्रत्येक बोट एकटं कुडकुडतं. मिटनमध्ये अंगठा तेवढा वेगळा. बाकीची चार एका गोधडीत झोपल्यासारखी एकमेकांची ऊब घेतात. थंडीला भिडणारा पृष्ठभागच कमी ना! पण मिटन घालून स्कीच्या बुटाचं बक्कल लावून बघा. शेवटी मिटनच दातांनी ओढून काढावं लागतं आणि तेवढ्यात बोटं बधिर. शिकाऊ माणूस सारखा पडतो, बक्कलं-पट्टे सतत. त्याने खालच्या उतारांवर पाच बोटांचेच घालावेत. वर जायचं तर मी मिटनच म्हणेन, आत पातळ लोकरी मोजा. सुती नको, घामाने भिजला की गारठलाच. आणि काहीही घ्या, घट्ट नको. रक्त फिरायला जागा हवी.