रानपिंगळ्याचा नकाशा करताना: क्यूजीआयएसबद्दल

धुळे-नंदुरबारकडच्या आम्हा पक्षिनिरीक्षकांना रानपिंगळा, म्हणजे जंगलातलं एक छोटं, दुर्मीळ घुबड, फार जवळचा. १८८४ नंतर त्याची एकही खात्रीची नोंद नव्हती. नोव्हेंबर १९९७ मध्ये तो शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला. पुढे मेळघाटात, यावलला आणि २०१४ मध्ये थेट ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यातही दिसला. या सगळ्या नोंदी एका नकाशावर मांडायच्या म्हणून मी क्यूजीआयएस, म्हणजे नकाशे तयार करायची संगणकप्रणाली, वापरायला घेतलं. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली पूर्णपणे मोफत आहे आणि जगभरचे लोक मिळून ती वाढवतात.

नकाशावर टिंबं टाकणं कुठल्याही ॲपमध्ये जमतं. इथे मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते प्रत्येक टिंबामागची माहिती जपून ठेवणं. रानपिंगळ्याच्या बाबतीत ते फारच महत्त्वाचं, कारण ब्रिटिश पक्षितज्ज्ञ रिचर्ड माइनर्टझहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीला हा पक्षी मिळवल्याचा दावा केला होता आणि तो नमुना दुसऱ्याच्या संग्रहातून उचलून लेबल बदललेला निघाला. अशी खोटी नोंद पुसून टाकण्यापेक्षा मी ती पोकळ राखाडी वर्तुळानं दाखवते, छायाचित्र असलेली नोंद भरीव, आणि नुसती ऐकीव असेल तर फिकट. ‘पुरावा’ या रकान्यात तो कोणता ते लिहिलं की आपण ठरवून दिलेल्या नियमानुसार चिन्हं आपोआप बदलतात. नकाशा पाहणाऱ्याला कशावर किती भरवसा ठेवायचा ते लगेच कळतं.

उष्णता-नकाशा, म्हणजे दाट नोंदी लालभडक दाखवणारा प्रकार, दोन क्लिकमध्ये होतो आणि दिसतो झकास. तरी पक्ष्यांच्या नोंदींसाठी तो जपून वापरा. तो लाल रंग बहुतेकदा पक्षी कुठे आहेत हे सांगतच नाही. माणसं कुठे गेली, रस्ता कुठे आहे, हे सांगतो. त्यापेक्षा ‘क्रिएट ग्रिड’ या साधनानं षट्कोनी जाळी पाडा आणि प्रत्येक घरात एकूण किती निरीक्षणं झाली आणि त्यातल्या कितींमध्ये रानपिंगळा दिसला, याचं प्रमाण रंगवा. जिथे कुणी गेलंच नाही ती घरं कोरी ठेवा. सातपुड्याच्या नकाशात ही कोरी घरंच मला सगळ्यात जास्त बोलकी वाटतात. पुढच्या हिवाळ्यात कुठे जायचं ते तीच ठरवतात. शिवाय जाळीमुळे घरट्याची नेमकी जागा उघड होत नाही. दुर्मीळ पक्ष्याच्या बाबतीत ही काळजी घ्यायलाच हवी.

जाळी पाडण्याआधी प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, बदलायला विसरू नका. जीपीएसचे आकडे अक्षांश-रेखांशात असतात, त्यामुळे जाळीचं माप अंशांत मागितलं जातं. शहादा, मेळघाट, तानसा ही सगळी ठिकाणं यूटीएम या जगाचे उभे पट्टे पाडणाऱ्या प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतात, म्हणून त्याचा सांकेतिक क्रमांक ईपीएसजी ३२६४३ निवडला की मीटरमध्ये काम होतं. नागपूर-गोंदियाकडच्यांनी मात्र ३२६४४ घ्यावं.

मराठीत नावं लिहिणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. माहिती शेपफाइल या जुन्या फाइल-प्रकारात साठवू नका. तिच्यात रकान्याचं नाव जेमतेम १० बाइटचं, आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. ‘पुरावा’सुद्धा पूर्ण मावत नाही. जिओपॅकेज हा नवा फाइल-प्रकार वापरा, तिथे ही अडचण येत नाही. एक्सेलमधून सीएसव्ही (तक्त्याची साधी मजकूर-फाइल) आणताना यूटीएफ-८ ही अक्षरांची संकेतपद्धत निवडली की मराठी अक्षरं शाबूत राहतात.

रंगांधळ्या माणसाला नकाशा कसा दिसेल ते दाखवणारी सोयही ‘व्ह्यू’ मेनूत आहे. छापण्याआधी ती जरूर पाहा. लाल-हिरव्याची जोडी सोडून द्यायला ती एकदा पाहिलेली पुरते.

शिकायला वेळ लागतो, हे खरं. पहिल्यांदा उघडलं की बटणांची गर्दी पाहून दडपण येतं, आणि मराठीतून पायरीपायरीनं समजावणारं साहित्य मला हवं तेवढं सापडलं नाही. नुसता सहलीचा मार्ग दाखवायचा असेल तर एवढ्या खटाटोपाची गरज नाही. पण गावाच्या जैवविविधता नोंदवहीचं काम करणारे, देवराया मोजणारे, महाविद्यालयात भूगोल किंवा प्राणिशास्त्र शिकवणारे, या सगळ्यांनी हे शिकावंच. उतरवून घेताना सगळ्यात नवी आवृत्ती न घेता ‘लाँग टर्म’ लिहिलेली, म्हणजे जास्त काळ न बदलता टिकणारी, घ्या. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते आणि वर्गातल्या सगळ्या संगणकांवर एकसारखी राहते.